राजवाड्यांचा दिवस: बँकॉकच्या सहलीबद्दल वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतरच्या सहलींची आखणी सुरू झाली की बँकॉकबद्दलची पत्रं वाढतात, आणि त्यातली बरीचशी एकाच दिवसाभोवती फिरतात: ग्रँड पॅलेस, पाचूचा बुद्ध आणि नदीकाठची दोन मोठी देवळं, वाट फो आणि वाट अरुण (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ). त्यातले सगळ्यांच्या कामाचे प्रश्न इथे घेतले आहेत. तिकिटांचे दर थाई बाटमध्ये आणि परदेशी पाहुण्यांचे आहेत. ते अधूनमधून वाढतात, तेव्हा निघण्यापूर्वी एकदा ताडून पाहावेत.

प्रश्न: आमचा ज्येष्ठ नागरिकांचा ३६ जणांचा ग्रूप आहे. कार्यक्रमपत्रिकेत एकाच दिवशी ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण, राष्ट्रीय संग्रहालय, विमानमेक महाल आणि अनंत समाखोम दरबार असं छापलंय. जमेल का? (नाशिक)

सहातली दोन नावं तर आत्ताच खोडा. विमानमेक हा सागवानी महाल २०१६ साली पर्यटकांसाठी बंद झाला आणि अनंत समाखोम २०१७ साली. जुन्या पत्रिकेवरून नवी उतरवली की अशी नावं तशीच राहून जातात. मग बसच्या खिडकीतून कुंपण दाखवलं जातं. राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी आणि मंगळवारी बंद असतं. उघडं असलं तरी राजांच्या अंत्ययात्रेचे ते प्रचंड रथ अर्ध्या तासात उरकायची वस्तू नाही. त्याला वेगळा दिवस द्या किंवा सोडून द्या.

उरली तीन, आणि ३६ जणांसाठी तेवढी पुष्कळ आहेत. क्रमसुद्धा एकच चालतो. राजवाड्याची तिकीटविक्री सकाळी साडेआठला सुरू होते आणि दुपारी साडेतीनला थांबते, शिवाय आतल्या फरसबंद चौकांत सावली जवळजवळ नाही. म्हणून तो पहिला. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं. सव्वासातला बस म्हणजे शरीराच्या हिशोबाने पावणेसहा, हे आदल्या रात्री सगळ्यांना सांगून ठेवा. पहिल्या दिवशी उशीर होतो तो बहुतेक यामुळेच. सव्वाआठला दाराशी, अकरापर्यंत राजवाडा, साडेअकरा ते साडेबारा वाट फो, मग जेवण, अडीचला होडीने पलीकडे वाट अरुण आणि चारच्या आत परत. चारनंतर जुन्या शहरातून बस बाहेर काढणं म्हणजे शिक्षा. मुक्काम पट्टायाला असेल तर हा दिवस तिथून करू नका. येण्याजाण्याचे चारपाच तास रस्त्यावरच जातात.

पैशांचं: राजवाडा ५००, वाट फो ३००, वाट अरुण २००, म्हणजे माणशी १,००० बाट. पत्रिकेत 'प्रवेश समाविष्ट' आहे की 'फोटो स्टॉप', हे लेखी विचारून घ्या. फोटो स्टॉप म्हणजे बाहेरून. १२० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना राजवाड्याला तिकीट लागत नाही. आजी-आजोबांबरोबर नातवंडं असतील तर उपयोगी पडेल.

प्रश्न: कपड्यांवरून दारात अडवतात म्हणे. साडी चालते का? पुरुषांनी काय घालावं? (कोल्हापूर)

अडवतात, आणि हुज्जत घालून उपयोग नसतो. हा राजवाडा आहे आणि आत राजघराण्याचं देऊळ आहे. नियम दोन्हींचा मिळून आहे. पुरुषांनी घोट्यापर्यंतची पँट आणि बाह्यांचा शर्ट. थ्री-फोर्थवर बरेच जण तिथेच अडकतात. 'गुडघा झाकलाय ना' हा युक्तिवाद पुरुषांच्या बाबतीत चालत नाही. झब्बा-पायजमा उत्तम, फक्त कापड पारदर्शक नको. बायकांना सलवार-कमीज सगळ्यात सोयीची. लेगिंग घालणार असाल तर वरचा कुर्ता गुडघ्यापर्यंत हवा, नुसती घट्ट लेगिंग चालत नाही. फाटक्या फॅशनची जीन्स नको.

साडी चालते, पण दोन गोष्टी सांभाळा. ब्लाउज बाह्यांचं हवं, आणि पदर असा घ्या की पोट-कंबर उघडी दिसणार नाही. स्लीव्हलेसवर ओढणी किंवा शाल टाकून वेळ मारून नेऊ असं समजू नका. ओढणी घसरते हे तिथल्या पहारेकऱ्यांनाही ठाऊक आहे. चूक झालीच तर समोरच्या रस्त्यावर हत्तींच्या छापाच्या ढगळ विजारी मिळतात, साधारण दीडशे-दोनशे बाटला. नुकसान पैशांचं होत नाही. एकाची विजार घेऊन होईपर्यंत पस्तीस जण उन्हात उभे राहतात, दुखणं ते आहे. टूर मॅनेजरने सगळ्यांचे कपडे हॉटेलच्या लॉबीत, बसमध्ये चढण्यापूर्वीच पाहावेत.

पायात सँडल चालतात आणि त्याच बऱ्या, कारण चपला-बूट दिवसातून तीनचार वेळा काढावे लागतात. जवळ एक कापडी पिशवी ठेवा. गाभाऱ्याबाहेरच्या मांडणीवर शंभर सारख्या काळ्या सँडलींतून आपली शोधणं हा वेगळाच कार्यक्रम होतो.

प्रश्न: आमचे टूर मॅनेजर मराठी आहेत, इतिहासाचे जाणकार आहेत. पण राजवाड्यात ते गप्प राहिले आणि थाई गाइड मोडक्या इंग्रजीत बोलत होता. असं का? (ठाणे)

कायदा तसा आहे. थायलंडमध्ये गाइडचं काम थाई नागरिकांसाठी राखीव आहे आणि त्याला परवाना लागतो. परदेशी टूर मॅनेजर राजवाड्यात ग्रूपसमोर उभा राहून माहिती सांगू लागला तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. तेव्हा तुमचे मॅनेजर गप्प राहिले, हे शहाणपणाचंच झालं. मराठीतून ऐकायचं तर ते बसमध्ये, जाण्यापूर्वी. चांगला मॅनेजर आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये पाऊण तास बसवतो आणि सगळं सांगून टाकतो. मग आत गाइडचं निम्मं कळलं तरी भागतं.

प्रश्न: तिथे भिंतींवर संपूर्ण रामायण रंगवलंय असं वाचलं. आमच्या ग्रूपला दहा मिनिटांत पुढे हाकललं. पुन्हा जाणार आहोत. कुठून सुरुवात करावी, काय पाहावं? (पुणे)

मराठी माणसाने या राजवाड्यात सगळ्यात जास्त वेळ जिथे घालवावा ती जागा हीच, आणि ग्रूप नेमके इथेच धावतात. सगळ्यांना सोन्याच्या चेदीसमोर, म्हणजे स्तूपासमोर, फोटो हवा असतो.

वाट फ्रा केओ, म्हणजे पाचूच्या बुद्धाच्या देवळाच्या आवाराला चारही बाजूंनी ओवऱ्या आहेत. त्यांच्या भिंतींवर १७८ चित्रचौकटींत 'रामकियेन', म्हणजे थाई रामायण आहे. पहिला राम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजाने १७८२ साली राजधानी नदीच्या या काठावर आणली, राजवाडा बांधला आणि रामकियेनची संहिताही लिहवून घेतली. भिंती तेव्हाच रंगवल्या गेल्या. पण तिथली दमट हवा चित्रांना टिकू देत नाही, म्हणून पुढे त्या वेळोवेळी नव्याने रंगवल्या. १८८२ साली राजधानीची शंभरी झाली तेव्हा आणि १९३२ साली दीडशे वर्षं झाली तेव्हा मोठी कामं झाली. म्हणजे डोळ्यांसमोरचा रंग दोनशे वर्षांचा नाही, आखणी जुनी आहे.

चौकट क्रमांक १ उत्तरेकडच्या ओवरीत, विहान योत या इमारतीसमोर आहे. चौकटींना क्रमांक आहेत. तिथून प्रदक्षिणेच्याच दिशेने निघायचं. देऊळ उजव्या हाताला आणि भिंत डाव्या हाताला राहते. सुरुवात ओळखीची आहे: जनक जमीन नांगरतोय आणि सीता सापडते. पुढे नावं सांभाळून घ्या. फ्रा राम, फ्रा लक आणि नांग सीदा सहज कळतात. तोत्सकान म्हणजे दशकंठ रावण, हिरव्या अंगाचा. फिफेक म्हणजे बिभीषण, फाली म्हणजे वाली. पांढरा वानर दिसला की तो हनुमान.

आणि इथेच आपल्या ज्येष्ठांना धक्का बसतो. थाई हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना दगड चोरून नेणाऱ्या मत्स्यकन्यांची प्रमुख सुवण्णमच्छा ही रावणाचीच मुलगी. हनुमान तिला पकडायला जातो आणि दोघांचं जमतं. त्यांना मच्छानू नावाचा मुलगा होतो, वानराचा देह आणि माशाची शेपटी असलेला. आपल्याकडे मकरध्वजाची गोष्ट आहेच, पण तिथे हनुमानाचं ब्रह्मचर्य राखायला घामाचा थेंब लागतो. थाई चित्रकाराला ती अडचणच नाही.

वेळ कमी असेल तर दोन प्रसंग मात्र शोधून पाहाच. एक बेंजकायचा: बिभीषणाची ही मुलगी रावणाच्या सांगण्यावरून मेलेल्या सीतेचं रूप घेते आणि नदीतून वाहत रामाच्या तळापाशी येते. राम कोसळतो. हनुमानाला शंका येते, कारण प्रेत प्रवाहाच्या उलट दिशेने वर आलंय. तो चिता पेटवायला लावतो आणि 'प्रेत' धुराबरोबर उडून पळू लागतं. दुसरा मैयराबचा, म्हणजे आपला महिरावण. त्याने रामाला पळवू नये म्हणून हनुमान डोंगराएवढा होतो आणि रामाचा मंडपच तोंडात धरून बसतो. दालनाएवढा जबडा आणि त्यात चिमुकला मंडप, असं ते चित्र आहे. चित्रांजवळ जाऊन पाहिलं तर सोन्याचा वर्ख मुख्यतः राजे, देव आणि महाल यांच्यावर लावलेला दिसतो. सैनिक, बाजारातली माणसं, कुत्री साध्या रंगात आहेत. या साध्या रंगातल्या गर्दीतच चित्रकारांनी गंमत केली आहे, कोपऱ्याकोपऱ्यांत.

चित्रांना हात लावू नका. ओवरीत फोटो चालतात. किमान चाळीस मिनिटं द्या. ओवरीत सावली असल्यामुळे ज्यांना उन्हात पुढे जायचं नाही त्यांनाही इथे थांबता येतं.

प्रश्न: पाचूचा बुद्ध खरोखर पाचूचा आहे का? (बेळगाव)

नाही. एकाच हिरव्या दगडातून कोरलेली, सुमारे ६६ सेंटिमीटर उंचीची मूर्ती आहे. पाचू हे रंगावरून पडलेलं नाव. उंच सिंहासनावर इतकी वर बसवली आहे की पहिल्यांदा पाहणारा 'एवढीशीच?' म्हणतो. आत फोटो काढायला सक्त मनाई आहे.

मूर्तीला वर्षाला तीन पोशाख असतात: उन्हाळी, पावसाळी आणि हिवाळी. ते बदलण्याचा मान राजाचा. दिवस थाई चांद्र पंचांगातल्या चौथ्या, आठव्या आणि बाराव्या महिन्यातली कृष्ण प्रतिपदा. आपल्या हिशोबाने बहुतेक वर्षी होळी पौर्णिमा, गुरुपौर्णिमा आणि त्रिपुरी पौर्णिमा यांच्या दुसऱ्या दिवशी. अधिक मासाच्या वर्षी महिना पुढेमागे होतो. दिवाळीनंतरची सहल असेल तर हे बघून तारीख ठरवा, कारण समारंभाच्या वेळी देऊळ पाहुण्यांना बंद असतं.

प्रश्न: दाराजवळ एक सभ्य गृहस्थ म्हणाला, 'आज राजवाडा बंद आहे, दुसरी देवळं दाखवतो.' आम्ही परत फिरलो. खरं होतं का? (नागपूर)

बहुधा नव्हतं. ही तिथली फार जुनी फसवणूक आहे. 'आज सण आहे', 'दुपारी उघडेल', 'आत प्रार्थना चाललीय' असं काहीही सांगतात, मग वीस बाटमध्ये टुकटुक देऊ करतात आणि गाडी रत्नांच्या किंवा कापडाच्या दुकानासमोर उभी राहते. कमिशन दुकानदाराकडून मिळतं. माणूस नीटनेटका असतो, गळ्यात ओळखपत्रही असतं. उपाय एकच: ना फ्रा लान रस्त्यावरच्या विसेत चायस्री या दारापर्यंत स्वतः चालत जायचं आणि तिथल्या गणवेशातल्या माणसाला विचारायचं. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५.

राजवाडा खरोखर बंद असण्याचे किंवा काही भाग बंद ठेवण्याचे दिवसही असतात, राजघराण्याच्या समारंभांचे. ते राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी जाहीर होतात. राजा भूमिबोल २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये गेले आणि अंत्यविधी २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. मधलं वर्षभर राजवाड्यातल्याच दुसित महाप्रासादात पार्थिव होतं आणि बाहेर काळ्या कपड्यांतल्या लोकांच्या रांगा. अशा काळात आपणही भडक रंग टाळावेत.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात. नकाशात वाट फो राजवाड्याला लागूनच दिसतं. चालवेल ना? (डोंबिवली)

नकाशा इथे फसवतो. वाट फो दक्षिणेच्या भिंतीला लागून आहे खरं, पण पाहुण्यांचं दार उत्तरेला. राजवाड्याच्या तटाचा घेर सुमारे १,९०० मीटर. त्याला निम्मा वळसा घालून साधारण एक किलोमीटर चालावं लागतं, तेही अकराच्या उन्हात. आईंसाठी तेवढ्यापुरती टॅक्सी करा, मीटर लावायला सांगून. बसवर भरवसा ठेवू नका. तिला तिथे हवं तेव्हा थांबता येत नाही.

देवळांचे उंबरे उंच असतात, आणि त्यांवर पाय न ठेवता ते ओलांडायचे असतात. गुडघेदुखीवाल्यांना पायऱ्यांपेक्षा हाच त्रास. कुणीतरी हात द्यावा. मूर्तीसमोर बसताना तळवे मूर्तीकडे करायचे नाहीत, पाय मागे दुमडायचे. ज्यांना जमत नाही त्यांनी मागे बाजूला उभं राहावं, कुणी काही म्हणत नाही. वाट अरुणच्या मधल्या शिखराच्या पायऱ्या शिडीसारख्या खड्या आहेत. आईंनी खालूनच ती चिनी मातीच्या तुकड्यांची फुलं पाहावीत. खरं तर ती खालूनच चांगली दिसतात.

चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा. पाचूच्या बुद्धाच्या देवळाच्या पश्चिम बाजूला बसलेल्या ऋषीचा काळपट पुतळा आहे, पुढ्यात औषध वाटायचा पाटा. तो बुद्धकाळातला वैद्य जीवक. 'सोनेरी शिखराजवळ भेटू' म्हणू नका, तिथे सगळंच सोनेरी आहे.

प्रश्न: ग्रूपमध्ये आठ जैन कुटुंबं आहेत. दुपारचं जेवण? (सांगली)

नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. भाजीतही माशाचा सॉस पडतो. थाईमध्ये 'चे' नावाचा आहार आहे. त्यात मांस-मासे-अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही वर्ज्य. दुकानावर पिवळी पताका आणि तिच्यावर लाल अक्षर, ही खूण. बटाटा-गाजर मात्र त्यात चालतं, तेव्हा कंदमुळं न खाणाऱ्यांना ते वेगळं सांगावं लागेल. सोपा मार्ग म्हणजे फाहुरत, तिथली भारतीय वस्ती. वाट फोजवळच्या सनाम चाय मेट्रो स्थानकातून पुढचंच स्थानक साम योत, तिथे उतरून चालत जाता येतं. गुरुद्वारा आहे, भारतीय खानावळी आहेत. ३६ जणांची ऑर्डर मात्र आदल्या दिवशी द्या. ऐनवेळी गेलात तर दीड तास जेवणातच जाईल आणि वाट अरुण हुकेल.

प्रश्न: नदी ओलांडायला क्रूझ घ्यावी का? (रत्नागिरी)

गरज नाही. था तियेन धक्क्यावरून पलीकडे जाणारी होडी पाच बाट घेते आणि पाच मिनिटांत वाट अरुणला सोडते. धक्का हलतो. होडी टेकल्याशिवाय पाय टाकू नका आणि पहिल्या-शेवटच्या माणसाने माणसं मोजा. अर्धा ग्रूप अलीकडे आणि अर्धा पलीकडे, हे इथे हमखास होतं.

प्रश्न: राजवाड्याच्या तिकिटात नाच मोफत असतो, हे खरं का? (औरंगाबाद)

खरं, आणि ग्रूपना ते बहुधा सांगितलं जात नाही. त्याच तिकिटावर साला चालेर्मक्रुंग या १९३३ सालच्या नाट्यगृहात खोन, म्हणजे मुखवट्यांचं रामकियेन-नृत्य, सुमारे अर्धा तास पाहता येतं. प्रयोग सोमवार ते शुक्रवार असतात, राजवाड्यातून न्यायला गाडी असते. शनिवार-रविवारी नाही. वाट अरुण आणि खोन यांत एकच निवडायचं असेल आणि ग्रूपमध्ये चालणं अवघड असलेली माणसं जास्त असतील, तर खोन घ्या: वातानुकूलित नाट्यगृह, बसायला खुर्ची, आणि सकाळी भिंतीवर पाहिलेला पांढरा हनुमान समोर उड्या मारताना.